नवा ड्रायव्हर : गरज, हौस की स्वतःची समजूत?

हौसेला मोल नसते, असे आपल्याकडे म्हटले जाते. चौतीस वर्षे बँकेच्या सेवेत घालवल्यानंतर या म्हणीत एक छोटीशी दुरुस्ती सुचवावीशी वाटते. हौसेला मोल असते. ते विचारण्याची आपली तयारी नसते. कर्जाच्या अर्जावर सही करण्यापूर्वी अर्जदाराला दहा प्रश्न विचारणारा अधिकारी स्वतःच्या हौसेला मात्र एकही प्रश्न विचारीत नाही, हा माझा अनुभव आहे. आणि तो इतर कोणाविषयीचा नसून माझ्या स्वतःविषयीचाच आहे.

गेल्या हिवाळ्यात एका संध्याकाळी चहा घेता घेता मी घरी सहज म्हणालो, "ड्रायव्हर बदलावा म्हणतो." सौभाग्यवतींनी आश्चर्याने विचारले, "अहो, आपल्याकडे ड्रायव्हर आहेच कुठे? गाडी तर तुम्हीच चालवता!" मग मला खुलासा करावा लागला की, हा ड्रायव्हर म्हणजे गोल्फच्या पिशवीतील सर्वांत लांब काठी. तिची किंमत पंचावन्न हजार रुपये आहे, हे ऐकल्यावर त्यांनी कपाळाला आठी घातली नाही. फक्त एवढेच विचारले, "आणि तिने काय होईल?" कोणत्याही कर्जप्रस्तावावर विचारावा असाच हा प्रश्न होता. त्याचे उत्तर शोधताना जे हाती लागले, ते गोल्फ न खेळणाऱ्या वाचकांनाही उपयोगी पडेल, असे वाटल्यावरून हा लेखनप्रपंच.

प्रथम खेळाविषयी थोडेसे. गोल्फच्या अठरा होलपैकी साधारण चार होल आखूड असतात. उरलेल्या चौदा होलच्या आरंभी चेंडू लाकडी खुंटीवर, म्हणजे 'टी'वर ठेवून जो दूरचा फटका मारायचा, त्यासाठी ड्रायव्हर वापरतात. म्हणजे संपूर्ण फेरीत त्याचा उपयोग फार तर चौदा वेळा. माझ्यासारखा खेळाडू एक फेरी पंच्याण्णव फटक्यांत पुरी करतो आणि त्यांपैकी पस्तीस-छत्तीस फटके हिरवळीवर पटरने मारलेले असतात. तरीही दुकानात सर्वांत दर्शनी जागा ड्रायव्हरची असते आणि मित्रमंडळींत चर्चाही त्याचीच होते. दूर गेलेला चेंडू सर्वांना दिसतो. चार फुटांवरून हुकलेला चेंडू फक्त आपल्याला आठवतो.

मी गोल्फकडे वळलो तो जमशेदपूरच्या बदलीत. तेथील बेल्डीह आणि गोलमुरी या मैदानांवर पोलाद कारखान्याच्या अधिकाऱ्यांचा राबता असे. आमच्या शाखेच्या एका ज्येष्ठ ग्राहकांनी मला आग्रहाने एका रविवारी सोबत नेले आणि पुढील बदल्या कोठेही होवोत, ती आवड सुटली नाही. निवृत्तीनंतर मुलीच्या नोकरीमुळे आम्ही बंगळूरला स्थायिक झालो. येथील आमच्या मैदानावर तिसऱ्या होलला एक तळे आडवे आहे. पांढऱ्या टीपासून तळ्याचा पलीकडचा काठ १७५ यार्डांवर, म्हणजे सुमारे १६० मीटरवर आहे. पहिली सहा-सात वर्षे मी ते तळे विनासायास ओलांडीत असे. आता वयाच्या सहासष्टाव्या वर्षी चेंडू पाण्यात पडू लागला. ड्रायव्हर बदलण्याचा विचार त्या पाण्यातून वर आला, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

आता नव्या ड्रायव्हरमध्ये नवे काय असते, ते पाहू. एके काळी ड्रायव्हरचे डोके खरोखरच लाकडाचे असे. आपल्या टेंभुर्णीच्या कुळातील पर्सिमन या झाडाचे लाकूड त्यासाठी वापरीत. १९७९ मध्ये टेलरमेड कंपनीने पोलादी डोक्याचा ड्रायव्हर बाजारात आणला. १९९१ मध्ये कॅलवे कंपनीचा 'बिग बर्था' आला आणि १९९५ मध्ये त्याच कंपनीने टायटॅनियम धातूचा अधिक मोठा ड्रायव्हर आणला. टायटॅनियम हलके आणि बळकट असल्याने डोके मोठे करता आले आणि त्याचा पुढचा पत्रा पातळ करता आला. असा पातळ पत्रा आघाताच्या क्षणी किंचित दबतो आणि उसळतो. त्यामुळे चेंडू कमी चेपला जातो, ऊर्जा कमी वाया जाते आणि चेंडू अधिक वेगाने सुटतो. त्या दशकात ज्यांनी लाकडी ड्रायव्हर सोडून टायटॅनियमचा घेतला, त्यांना खरोखरच मोठा लाभ झाला.

परंतु ही प्रगती अशीच चालू राहिली, तर जुनी मैदाने अपुरी पडतील, अशी चिंता खेळाचे नियम ठरविणाऱ्या संस्थांना वाटू लागली. स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज येथील संस्था आणि अमेरिकेची राष्ट्रीय संघटना या दोघी मिळून जगभरचे नियम ठरवितात. पत्र्याच्या उसळीवर अमेरिकन संघटनेने १९९८ मध्येच मर्यादा घातली होती. २००८ पासून ती आपल्याकडेही सर्व स्तरांवरील खेळासाठी लागू झाली. डोक्याचे आकारमान ४६० घन सेंटिमीटरांपेक्षा अधिक असू नये, हा नियम २००४ पासून आहे. उसळीचा नियम सोप्या भाषेत असा की, शंभर एककांच्या वेगाने झालेल्या टकरीनंतर काठी आणि चेंडू एकमेकांपासून सुमारे त्र्याऐंशी एककांपेक्षा अधिक वेगाने दूर होता कामा नयेत. नामांकित कंपन्यांचे ड्रायव्हर गेली दोन दशके या मर्यादेला भिडूनच उभे आहेत.

याचा अर्थ वाचकांच्या ध्यानात आला असेल. २०१२ चा चांगला ड्रायव्हर आणि यंदाचा चांगला ड्रायव्हर यांच्या पत्र्याच्या मध्यभागी बसलेला फटका जवळजवळ सारख्याच वेगाने सुटतो. दरवर्षीच्या जाहिरातींतील 'आणखी दहा यार्ड' जर खरोखरच साठत गेले असते, तर माझ्यासारखे निवृत्त गृहस्थही आज तीनशे यार्डांचे फटके मारताना दिसले असते. प्रत्यक्षात काय घडले? ब्रिटनमधील हौशी पुरुष खेळाडूंच्या फटक्यांची अनेक वर्षे मोजणी झाली. त्यांची सरासरी १९९६ मध्ये सुमारे २०० यार्ड होती, ती २०१९ मध्ये सुमारे २१६ यार्ड भरली. आणि ही वाढ बहुतांशी २००५ पूर्वीच होऊन गेली होती. अमेरिकेतील व्यावसायिकांची सरासरी मात्र २००३ मधील सुमारे २८६ यार्डांवरून २०२३ मध्ये ३०० यार्डांच्या जवळ पोहोचली. पण काठीच्या उसळीवर मर्यादा कायम असताना झालेल्या या वाढीत मोठा वाटा त्या खेळाडूंनी व्यायामाने कमावलेल्या वेगाचा आणि काठी व चेंडू यांच्या काटेकोर निवडीचा आहे.

मग कंपन्या दोन दशके काहीच करीत नाहीत काय? असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. त्यांनी आपले लक्ष चुकलेल्या फटक्याकडे वळविले. चेंडू पत्र्याच्या मध्याऐवजी कडेला लागला की काठीचे डोके हातात वळते, चेंडूचा वेग घटतो आणि दिशाही बिघडते. डोक्याचे वजन कडेला आणि मागे नेले, तर ते सहजासहजी वळत नाही. वरच्या भागासाठी कार्बन तंतूंचे हलके आवरण वापरून वाचलेले वजन मागे ठेवण्याची क्लृप्ती त्यासाठीच योजली जाते. या गुणालाही २००६ पासून नियमाने मर्यादा आहे. तथापि तिच्या आत पुष्कळ सुधारणा झाली. थोडक्यात, नवा ड्रायव्हर उत्तम फटका अधिक उत्तम करीत नाही; वाईट फटका थोडा कमी वाईट करतो. विम्याच्या पॉलिसीचे जे स्वरूप असते, तेच याचे. विमा घ्यावा, पण मुदत ठेव समजून घेऊ नये.

ही माहिती गोळा केल्यावर मी माझा २०१२ चा ड्रायव्हर घेऊन दुकानात गेलो. तेथे चेंडूचा वेग, उंची आणि अंतर मोजणारे यंत्र असते. नव्या ड्रायव्हरने मी बारा चेंडू मारले. विक्रेता तरुण आणि अतिशय विनयशील होता. पडद्याकडे बोट दाखवून तो म्हणाला, "सर, बघा, १८३ यार्ड!" क्षणभर मला तिसऱ्या होलचे तळे डोळ्यांसमोर दिसले आणि हात खिशातील कार्डाकडे गेला. परंतु जुनी सवय आडवी आली. एखाद्या खात्यात ३१ मार्चला किती शिल्लक होती, यावरून आपण त्या ग्राहकाची ऐपत ठरवीत नाही. वर्षभराची सरासरी शिल्लक पाहतो. मी म्हणालो, "१८३ हा माझा ३१ मार्च झाला. बाराही चेंडूंची सरासरी दाखवा." ती १७१ यार्ड निघाली. मग माझ्या जुन्या ड्रायव्हरने बारा चेंडू मारले. त्यांची सरासरी १६४ आली. सात यार्डांचा फरक होता. तो कमी नव्हता, पण तळे १७५ यार्डांचे होते.

पुढे जे घडले त्याचे श्रेय त्या विक्रेत्यालाच दिले पाहिजे. माझी जुनी काठी न्याहाळून तो म्हणाला, "सर, आपल्या वेगाला साडेनऊ अंशांचा कोन कमी पडतो. चेंडू वर चढतच नाही." काठीच्या पत्र्याचा मागे कललेला कोन, म्हणजे 'लॉफ्ट', वेग कमी असेल तर अधिक लागतो. मी ती काठी चौदा वर्षे लहान असताना घेतली होती आणि कमी कोनाची काठी ही तरबेज खेळाडूची खूण मानली जात असल्याने थोड्या अभिमानानेच घेतली होती. त्या काठीच्या मानेत कोन बदलण्याची सोय होती. इतकी वर्षे मी ती वापरलीच नव्हती. त्याने लहानशा पान्याने स्क्रू सैल करून कोन अकरा अंशांवर आणला. पुन्हा बारा चेंडू मारले. सरासरी आली १६८.

आता हिशेब सोपा झाला. पंचावन्न हजार रुपये देऊन खरोखर मिळणार होते तीन यार्ड. एका यार्डाला अठरा हजारांहून अधिक. न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, नव्या ड्रायव्हरचा सर्वांत वाईट चेंडू मध्यरेषेपासून एकतीस यार्ड दूर गेला, तर जुन्याचा चाळीस. हा लाभ खरा आहे आणि दाट झाडीच्या मैदानावर त्याचे महत्त्वही आहे. परंतु चेंडू इतका बाजूला जातोच का, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही.

त्या प्रश्नाचे उत्तर मला दुकानात नव्हे, मैदानावर मिळाले. माझ्याबरोबर गेली काही वर्षे येणारा कॅडी फारसा बोलत नाही. दुकानातील ही कथा ऐकल्यावर तो आपल्या कानडी वळणाच्या हिंदीत म्हणाला, "सर, बॉल टोकाला लागतोय. गेल्या पावसाळ्यापासून." मी त्याला विचारले, "मग इतके दिवस सांगितले का नाही?" तो म्हणाला, "तुम्ही विचारले नाही." दुसऱ्या दिवशी आम्ही व्हाइटबोर्डवर लिहिण्याच्या मार्करने प्रत्येक चेंडूवर ठिपका काढला आणि तो ठिपका पत्र्याकडे येईल असा चेंडू टीवर ठेवून फटके मारले. चेंडू लागतो तेथे पत्र्यावर खूण उमटते. दहापैकी सात खुणा टोकाकडे होत्या. नाचता येईना अंगण वाकडे, ही म्हण इतक्या स्पष्टपणे उमटलेली मी पूर्वी कधी पाहिली नव्हती. या चाचणीचा खर्च एका मार्करचा आहे. पन्नास हजारांची खरेदी करण्यापूर्वी प्रत्येकाने ती करावी.

यावर एक आक्षेप अपेक्षित आहे. खेळ हा आनंदासाठी असतो. त्यात यार्डामागे किती रुपये पडले, असे हिशेब कशाला मांडायचे? आक्षेप योग्य आहे. ज्यांची ऐपत आहे आणि नवी वस्तू हाताळण्यातच ज्यांना आनंद आहे, त्यांनी ती अवश्य घ्यावी. हौस म्हणून घेतलेल्या वस्तूचा पश्चात्ताप सहसा होत नाही. पश्चात्ताप होतो तो हौस असताना गरज म्हणून घेतलेल्या वस्तूचा, कारण तिच्याकडून आपण काही परतफेड अपेक्षिलेली असते. म्हणून स्वतःला एकच प्रश्न विचारावा : ही काठी घेऊन माझे फटके एकानेही कमी झाले नाहीत, तरी मला ती हवी आहे काय? उत्तर होकारार्थी असेल, तर खुशाल घ्यावी.

आणि काहींच्या बाबतीत ती खरोखर गरजही असते. आमच्या गटात लष्करातून निवृत्त झालेले एक सद्गृहस्थ आहेत. त्यांचा ड्रायव्हर १९९० च्या दशकातील, मुठीएवढ्या पोलादी डोक्याचा आणि तरुणाच्या मनगटाला शोभेल अशा ताठ दांडीचा होता. त्यांनी तो बदलला आणि त्यांचा खेळ पंधरा दिवसांत सुधारला. त्यांच्या बाबतीत अंगण खरोखरच वाकडे होते. माझ्या मते काठी वीस वर्षांहून जुनी असेल, तिची दांडी आपल्या वेगाला अनुरूप नसेल आणि कोन बदलण्याची सोयही नसेल, तर खर्च समर्थनीय आहे. तेव्हाही यंदाचेच मॉडेल हवे असा आग्रह नसावा. दोन वर्षांपूर्वीचे मॉडेल पुष्कळ कमी किमतीत मिळते आणि उसळीची मर्यादा तर दोघांनाही तीच आहे.

'शून्य टक्के' हप्त्यांच्या योजनेविषयीही दोन शब्द. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले होते की, शून्य टक्के व्याज अशी गोष्ट मुळात अस्तित्वात नसते. ते व्याज कोठेतरी अन्य रूपाने वसूल होतच असते. रोखीने घेतल्यास मिळणारी सवलत हप्त्यांत मिळत नसेल, तर ती सवलत हेच व्याज समजावे. हौसेची वस्तू शक्यतो साठवलेल्या पैशातून घ्यावी. काठी जुनी होऊन अडगळीत पडावी आणि हप्ते चालूच राहावेत, यासारखे दुःख नाही.

अंतराच्या मोहाविषयी बोलताना आमच्या बंगळूरच्या अदिती अशोकचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये ती ड्रायव्हरच्या अंतरात सर्वांत मागे असणाऱ्या खेळाडूंपैकी एक होती. स्पर्धेपूर्वी तिला कोविड झाला होता आणि अंगातील ताकद उणावली होती. तरीही हिरवळीवरील अचूक पटिंगच्या बळावर ती चौथी आली. पदक केवळ एका फटक्याने हुकले. फटका आणखी लांब असता तर पदक मिळाले असते, असेही कोणी म्हणू शकेल आणि त्यात तथ्य असेल. अंतराला मोल नाही असे माझे म्हणणेच नाही. पण तिला कमी पडत होते ते शरीराचे बळ. ते कोणत्याही दुकानात मिळणारे नव्हते, हे ओळखून तिने जे हाती होते त्याचे सोने केले. कोलकात्याच्या रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबमध्ये हिरवळीची निगा राखणाऱ्या कर्मचाऱ्याचा मुलगा एस. एस. पी. चौरसिया याने २०१६ आणि २०१७ अशी सलग दोन वर्षे इंडियन ओपन जिंकली, तीही लांब फटक्यांसाठी नव्हे, तर हिरवळीजवळच्या खेळासाठी ओळखला जाणारा खेळाडू म्हणून.

शेवटी मी काय केले, हे सांगणे वाचकांचे देणे लागतो. नवा ड्रायव्हर घेतला नाही. हजार-दीड हजार रुपयांत जुन्या काठीची झिजलेली ग्रिप बदलली, कोन अकरा अंशांवर ठेवला आणि प्रशिक्षकाकडे दहा धडे लावले. खुणा आता मध्याकडे सरकू लागल्या आहेत. दहापैकी पाच-सहा तरी तेथे उमटतात. चांगल्या दिवशी चेंडू १७२-१७३ यार्डांपर्यंत जातो.

तळे मात्र १७५ यार्डांचेच आहे. पांढऱ्या टीच्या पुढे, तळ्याच्या काठाजवळ आणखी एक टी आहे. तेथून पलीकडचा काठ १५० यार्डांवर येतो. ज्येष्ठ खेळाडूंसाठीच ती ठेवलेली आहे आणि तेथून खेळण्यास कोणतेही शुल्क नाही. तरीही गेली दोन वर्षे मी तिच्याकडे न पाहता पुढे जात असे. पंचावन्न हजार रुपये देण्यास मी तयार झालो होतो, तो त्या पंचवीस पावलांचा मान राखण्यासाठी, हे सौभाग्यवतींच्या प्रश्नाचे खरे उत्तर होते. मी ते त्यांना सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या, "मग चाला की पंचवीस पावले."

गेल्या महिन्यात एका सकाळी मी कॅडीला पुढच्या टीकडे चलण्यास सांगितले. त्याने काही न बोलता पिशवी उचलली. चेंडू तळ्यावरून गेला आणि पलीकडच्या गवतावर थांबला. काठी चौदा वर्षांपूर्वीचीच होती.